आईसमोर म्हटलेली गाणी

आमच्या घरात कुणी कुणाला लांबून हाक मारत नसे. बोलायचं असेल तर जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, समोरच्याने तोंड वळवलं की मग बोलायचं. नारपोलीतल्या आमच्या लायनीत सगळ्याच घरांची ही रीत होती. लायनीच्या मागे यंत्रमागांचा कारखाना होता आणि आमच्या खोलीची मागची भिंत तीच कारखान्याची भिंत होती. शुक्रवारची सुट्टी सोडली तर माग दोन्ही पाळ्यांत चालत. भिंतीला पाठ टेकली तर बरगड्या थरथरत. मांडणीवरची ताटं सतत वाजू नयेत म्हणून आईने प्रत्येक दोन ताटांमध्ये जुन्या लुगड्याची चिंधी घातली होती. वीज गेली की माग थांबत आणि शेजारपाजारची झोपलेली तान्ही मुलं दचकून रडायला लागत. मोठी माणसं तेवढ्यापुरती बोलायची थांबत, एकमेकांकडे बघत आणि मग पुन्हा तितक्याच मोठ्याने ओरडून बोलायला लागत. नवखा पाहुणा आला की त्याला वाटे, या घरात भांडण चाललंय.

बाबा त्याच कारखान्यात माग चालवत. आई तिथेच कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची लहान गुंडाळी. ती संपली की धोटा रिकामा धावतो, म्हणून कांड्या भरणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. आई मूळची दिघाशीची, शेतावर वाढलेली. लग्न होऊन नारपोलीत आली आणि तेव्हापासून त्या यंत्रासमोर बसली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर आणि पापण्यांवर कापसाचं तूस बसलेलं असे. तोंड धुऊन ती चुलीपुढे बसे, तांदळाच्या पिठाची उकड काढे आणि भाकरी थापायला घेई. सोबत वालाचं बिरडं, नाहीतर भाजलेलं सुकट आणि कांदा. तव्यावर भाकरी फुगायला लागली की मी तिच्यासमोर पाटावर बसायचो, तिच्या खांद्याला हात लावायचो आणि नवं गाणं म्हणून दाखवायचो. माझी सगळी गाणी पहिल्यांदा म्हटली गेली ती अशी, भाकरीच्या धुरात, आईच्या तोंडासमोर.

मॅट्रिकनंतर मी त्याच कारखान्यात तुटलेले धागे जोडायच्या कामाला लागलो होतो. हात कामात असत आणि डोक्यात मागाचा ठेका. ओळी त्या ठेक्यावर आपोआप बसत. मला पेटी थोडीफार वाजवता येत होती. ढोलकीला यासीनभाई होते. ते उत्तरेकडून आलेले, माग चालवणारे, बाबांच्या वयाचे. मला ते ‘शायर’ म्हणत आणि माझ्या मराठीतलं त्यांना अर्धंच कळे. जयंतीचे दिवस आले की विहारासमोर मांडव पडे आणि आम्ही गात असू. पुढे पूर्णा, दिघाशी अशा गावांतूनही बोलावणी यायला लागली. गाणं लिहायचो मी, चाल लावायचो मी, म्हणायचोही मीच. तेव्हा याला काही वेगळं नाव असतं हे मला माहीत नव्हतं.

गाणं चांगलं की वाईट हे ठरवायची माझी एकच जागा होती. आई. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण ती गाणं ऐकताना माझ्या तोंडावरची नजर क्षणभरही काढत नसे. ओळ पसंत पडली की तिची हनुवटी किंचित खाली जाई. पसंत पडली नाही की ती सरळ तव्याकडे वळे. ‘पहाटपाळी’ या माझ्या गाण्याचा मुखडा मी आधी असा लिहिला होता:

सकाळच्या ड्युटीला दादा गेला, आई देते शिदोरी

आई तव्याकडे वळली.

“काय झालं, आये?”

“ह्ये न्हाय बसलं. नुसतं तोंडातल्या तोंडात हाय.”

मी ती ओळ मोडली. कामावर धागे जोडता जोडता शब्द बदलत राहिलो आणि बऱ्याच दिवसांनी पुन्हा पाटावर येऊन बसलो:

पहाटपाळीला बाप निघाला, माय बांधते भाकर
माग म्हणतो मीच मालक, बाप मागाचा चाकर

आईची हनुवटी खाली गेली. तिने हातातली भाकरी परातीत ठेवली, पिठाच्या हाताने माझा गाल धरला आणि बोलली, “आता कसं! शब्द न् शब्द दिसला.” ती ‘दिसला’ म्हणाली. मी ते ऐकलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

त्या गाण्याने मला नारपोलीत नाव मिळालं. नाव म्हणजे काय, तर माझं खरं नाव पुसलं गेलं. चहाच्या टपरीवर, नळावर, कारखान्याच्या दारात मी दिसलो की हाक येई, “ए पहाटपाळी!” मुकादम मला चिडवायला म्हणे, “मीच मालक, काय? बघ हां, खरा मालक ऐकेल.” कार्यक्रमात दुसरं काही गायला घेतलं की मागून ओरडा होई, “पयलं भाकर! भाकर होऊ दे!” मी विशीत होतो. मला हे आवडत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वेळी एक भीतीही सुरू झाली. नवं लिहायला बसलो की डोळ्यांसमोर विहारापुढचा मांडव येई आणि ओळ त्या मांडवाला काय आवडेल तिकडे झुकायला लागे. मग मी ती आईकडे न्यायचो. मांडव फसेल, आई फसणार नाही, अशी माझी खात्री होती. लायनीतल्या बायाही म्हणत, “तुझ्या आयशीचा कान लय तयार हाय.”

पुढे मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या कचेरीत काम केलं. तिथे पहिली शिकवण अशी की ऐकीव गोष्ट दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्यायची. माझ्या गाण्यांच्या बाबतीत मी तेवढं कधीच केलं नव्हतं.

एका जयंतीच्या कार्यक्रमाला मुंबईहून एक गृहस्थ आले होते. तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीसाठी ते संगीत करत. त्या काळात लोकगीतांच्या तबकड्या खपत होत्या आणि नवी गाणी शोधत अशी माणसं गावोगाव हिंडत होती. सगळे त्यांना मास्तर म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. मागचा कारखाना चालू होता, कर्णे लागलेले होते आणि लोक ओळी माझ्याबरोबर म्हणत होते. मास्तर कार्यक्रम संपेपर्यंत थांबले. म्हणाले, “चाल तुमचीच? शब्दही? आवाजही तुमचाच ठेवू. एकदा स्टुडिओत या.” घरी सांगितलं तेव्हा बाबा माझ्या खांद्याला हात लावून बोलले, “तबकडी झाली तर कारखाना सुटंल तुझा. तेवढं कर.” बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं असेल तर तेवढंच. आईने मला भाकरी आणि सुकट बांधून दिलं. सुमनताई, माझी थोरली बहीण, हिने माझा सदरा इस्त्री करून आणला. ती कारखान्यात जात नसे; घरीच लोकांचं शिवणकाम करी.

स्टुडिओची ती खोली मला आजही स्वच्छ आठवते. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना भोकं पाडलेले पुठ्ठ्यासारखे तक्ते, एका बाजूला काच. दार बंद झालं आणि सगळं थांबलं. इतकं की मला माझ्याच गिळण्याचा आवाज आला. माझ्याबरोबर आलेल्या यासीनभाईंनी ढोलकी मांडीवर घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, “क्यों शायर, बिजली गयी क्या?” काचेपलीकडची माणसं हसली. यासीनभाईंचं विचारणं खरं होतं. आमच्यासाठी अशा अचानक आलेल्या शांततेचा तेवढाच एक अर्थ होता.

मी गायला सुरुवात केली. ‘पहाटपाळीला’ म्हणालो आणि काचेमागून मास्तरांचा आवाज आला, “थांबा. फुटतंय.” मला वाटलं गळा फुटला. त्यांनी मला मायक्रोफोनपासून लांब उभं केलं. पुन्हा फुटलं. मायक्रोफोनवर रुमाल टाकला. ‘माय बांधते भाकर’ला पुन्हा तेच. कुणीतरी मला ते ऐकवलं: प्रत्येक दोन शब्दांनंतर धप्प, धप्प, जसं कुणी दारावर थाप मारतंय. मधल्या जागा पोकळ होत्या. कारखान्यासमोर गाताना त्या जागा मागाने भरलेल्या असत, आणि मला त्या भरलेल्या वाटत. इथे दोन शब्दांच्या मध्ये काहीच नव्हतं.

मास्तर आत आले. ते रागावले नव्हते. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि लाल पेन्सिलीने अक्षरांभोवती गोल काढायला सुरुवात केली. प, ब, भ, म. पहाट, पाळी, बाप, माय, बांधते, भाकर, माग, मालक. कागद लाल झाला.

“ही सगळी ओठ मिटून काढायची अक्षरं. माइकवर यातलीच फुटतात. असं ठासून भरून कुणी लिहीत नाही. नवस बोललायत का काही या अक्षरांना?”

“तशीच सुचली, मास्तर.”

“बरं, ते बघू. पण तोंड एवढं कशाला उघडता? हळू म्हणा. जवळच्या माणसाला सांगितल्यासारखं म्हणा. समोर कुणी नाही इथं.”

मी हळू म्हणून पाहिलं. जवळच्या माणसाला सांगतोय असं म्हणून पाहिलं. मला जवळचं माणूस म्हणून आईच दिसली आणि माझं तोंड पुन्हा मोठं उघडलं. यासीनभाई माझ्या हनुवटीकडे बघत वाजवत होते. मी तोंड लहान केलं की त्यांचा ठेका चुके. त्यांनी मला नंतर जिन्यावर सांगितलं, “तेरा मुँह छोटा हुआ तो मेरेको गाना दिखना बंद हो गया, बेटा.” दुपारपर्यंत आम्ही प्रयत्न केले. शेवटी मास्तर म्हणाले, चाल चांगली आहे, ती ठेवतो. शब्द आणि आवाज यांचं काय करायचं ते कळवतो. मी मान हलवली. बाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी आईने दिलेल्या भाकरी खाल्ल्या. यासीनभाई म्हणाले, “सुकट अच्छा है.” 

परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. शुक्रवार होता, कारखान्याची सुट्टी. लायनीत आवाज नव्हता. दार उघडं होतं आणि आई माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. दिवसभर एकच गोष्ट डोक्यात होती. मला स्वतःला पटवायचं होतं की गाणं खोटं नाही. मी चपला न काढता उंबऱ्यात उभा राहिलो आणि तिथूनच मुखडा म्हणालो. पूर्ण आवाजात, विहारासमोर म्हणायचो तसा. आईचा हात थांबला नाही. पीठ थापल्याचा थप थप आवाज मला स्वच्छ येत होता. मी दुसरी ओळ म्हणालो. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. समोरच्या खोलीतली बाई दारात येऊन माझ्याकडे बघायला लागली. आईने मागे वळून पाहिलं नाही.

सुमनताई शिवणाच्या मशीनवर बसली होती. ती उठली, मला दंडाला धरून बाहेर ओट्यावर घेऊन आली.

“मागून काय म्हणतोयस? तिला कुठं ऐकू येतंय?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? न्हाय येत. मी शाळेत असल्यापास्नं न्हाय येत. तुला म्हायती न्हाय?”

“मला कुणी सांगितलंय?”

“सांगायचं काय त्यात! अख्ख्या लायनीत तसंच हाय. बाबांना तरी कुठं धड येतंय? ती तोंड बघून समजते. तुझं तोंड हे एवढं उघडतं म्हणून तुझं सगळं समजतं. मी ओठ दाबून बोलते म्हणून रोज शिव्या खाते, त्या न्हाय दिसल्या तुला?”

मग माझा चेहरा बघून ती खाली बसली आणि जरा हळू बोलली, “अरे, खूश असते ती. तू गायला बसलास की कामावरचा शीण जातो तिचा. एवढं काय झालं?”

काय झालं ते मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. मोडलेल्या ओळी मला एकेक करून आठवत गेल्या. ‘सकाळ’ गेली आणि ‘पहाट’ आली, ‘दादा’ गेला आणि ‘बाप’ आला, ‘शिदोरी’ गेली आणि ‘भाकर’ आली. प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की गाणं सुधारतंय. त्या सुधारणा ओठांवर दिसणाऱ्या शब्दांच्या बाजूने होत गेल्या होत्या. आईने फसवलं नव्हतं. तिला जे कळे त्याला ती हो म्हणत होती आणि जे कळत नसे त्याला नाही. मी त्यावर माझी सगळी कला उभी केली होती. आणि विहारासमोरचा मांडव? त्यात बसलेली माणसं मागावरून उठून आलेली असत. त्यांच्यातल्या कितीजणांना काय ऐकू येत होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायला त्यांच्यातलं फारसं कुणी उरलेलं नाही. माझ्या आवाजातली एकही ओळ कुठे नोंदलेली नाही. ती गाणी चांगली होती का, या प्रश्नाला साक्षीदारच नाही. लोक मला म्हणतात, गाणं हृदयापर्यंत पोचलं म्हणजे झालं. त्याने माझा प्रश्न सुटत नाही.

पावसाळा सरल्यावर तबकडी आली. चाल तीच होती, वेग थोडा कमी. आवाज शहरातल्या एका गायिकेचा, गोड आणि तयार. मुखडा असा होता: ‘सांज उतरता साजण आला, दारी सांडली साखर.’ कुठेही काही फुटत नव्हतं. वरच्या कागदावर संगीतकार म्हणून मास्तरांचं नाव होतं आणि गीतकार म्हणून माझं. चाल माझी होती, शब्द त्यांच्या माणसाने लिहिले होते. मी पत्र लिहायला बसलो आणि उठलो. काय मागायचं होतं ते मलाच ठरवता येईना. ती तबकडी चालली. हॉटेलांत, लग्नांत, सत्यनारायणाच्या मांडवांत वाजली. पहाटपाळी हे नाव लोकांनी हळूहळू सोडलं आणि मला ‘साखरवाला’ म्हणायला लागले. कारखाना सुटला नाही, तो पुढे निराळ्या कारणाने सुटला. बाबांनी तबकडीबद्दल एकदाही विचारलं नाही. मुकादमाने मात्र पाठीवर थाप मारली, “आता मालक कुठं गेला रं गाण्यातनं?”

आमच्या लायनीत लग्नं शुक्रवारी लागत. माग बंद असत, कर्णा नीट ऐकू येई. अशाच एका लग्नात ती तबकडी लावली. बाया आईभोवती जमल्या, एकीने तिच्या खांद्याला हात लावून सांगितलं, “अगं, तुझ्या बबनचं गाणं लागलंय!” आई उठून कर्ण्याखाली जाऊन उभी राहिली. मान वर करून ती त्या कर्ण्याच्या तोंडाकडे बघत राहिली, गाणं संपेपर्यंत. मी लांबून पाहत होतो. गाणं संपलं तरी ती बघतच होती. कुणीतरी तिला हाताला धरून जेवायला बसवलं.

घरी आल्यावर तिने नेसूचं बदललं, चूल पेटवली आणि मला समोर पाट टाकला.

“त्या कर्ण्याचं काय समजत न्हाय. त्याचं तोंड हालतच न्हाय. तू म्हण.”

“आये, दमलोय.”

“येकदा म्हण. सगळ्या बाया बोलत होत्या. मलाच न्हाय कळलं.”

मी पाटावर बसलो. सवयीने तिच्या खांद्याला हात लावला. उंबऱ्यात म्हटलेल्या त्या मुखड्यानंतर मी गायलो नव्हतो. तबकडीतले शब्द तिच्यासमोर म्हणायचं मला जमेना. माझं तोंड जुन्याच ओळींसाठी उघडलं. पण गळ्यातून काही बाहेर येईना. ओठ मिटले, उघडले. पहाटपाळीला बाप निघाला. आवाज नव्हता. मी थांबलो नाही, कारण ती बघत होती. माय बांधते भाकर. खोलीत लाकूड तडतडल्याचा आवाज होता तेवढाच. मागाचा चाकर आलं तशी तिची हनुवटी खाली गेली. तिने पिठाच्या हाताने माझा गाल धरला.

“आज आवाज लय चांगला लागला बघ,” ती बोलली.

सुमनताई पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. तिचे कान चांगले होते. कळशी आत न ठेवता ती तशीच मागे फिरली.